टूलकिटवरचं ‘मेड इन’ खरं आहे का? मोबाईलवरून असं तपासा

पावसाळा लागला की आमच्या बाईकवाल्या ग्रुपवर लोणावळा राइडचे प्लॅन सुरू होतात आणि सोबत टूलकिटच्या लिंक. मी मावळातला, त्यात इंजिनिअर. त्यामुळे प्रत्येक लिंकखाली मला एकच प्रश्न असतो : “हा सेट इंडियन आहे ना?”

प्रश्न साधा आहे, पण लेबल त्याचं उत्तर सरळ देत नाही.

मागच्या वर्षी एका मित्राने पान्यांचा सेट मागवला. बॉक्सवर तिरंगी पट्टा, खाली ‘मार्केटेड बाय’ आणि पुण्याचा पत्ता. पठ्ठ्या खूश! बॉक्स उलटा केला तर बारीक अक्षरांत आयातदाराचं नाव आणि मूळ देश चीन. कायद्याला हवं ते सगळं छापलेलं होतं. फक्त कुठे मोठं आणि कुठे बारीक, ते कंपनीने ठरवलं होतं.

म्हणून लेबलवरचे शब्द वेगवेगळे वाचायला शिका. ‘मार्केटेड बाय’ म्हणजे विकणारा. ‘पॅक्ड बाय’ म्हणजे खोक्यात भरणारा. ‘इम्पोर्टेड बाय’ म्हणजे बाहेरून आणणारा. माल बनवणारा फक्त ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’च्या पुढे असतो. पाकीटबंद मालासाठी २०११ चे वैधमापन नियम आहेत. त्यांत २०१७ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ जानेवारी २०१८ पासून आयात मालाच्या पाकिटावर मूळ देश लिहिणं बंधनकारक झालं. ऑनलाइन विकणाऱ्यांनाही ही माहिती प्रॉडक्टच्या पेजवर द्यावी लागते. ॲपमध्ये फोटो आणि ऑफरच्या बरंच खाली ‘कंट्री ऑफ ओरिजिन’ सापडेल. ‘बाय नाऊ’ दाबायच्या आधी तिथपर्यंत स्क्रोल करा आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण ते पेज नंतर बदलू शकतं.

आता एक गैरसमज. बारकोड ८९० ने सुरू झाला की माल भारतीय, असा मेसेज तुम्हालाही आला असेल. चूक. ८९० एवढंच सांगतो की तो नंबर भारतातल्या जीएसवन संस्थेने दिलाय. इथे नोंदणी केलेली कंपनी तैवानमध्ये पाना बनवून घेऊन त्यावर ८९० चा बारकोड लावू शकते. स्कॅनर ॲप ‘इंडिया’ दाखवतं ते याच तीन आकड्यांवरून, तेव्हा त्याच्यावर विसंबू नका.

‘जर्मन टेक्नॉलॉजी’चंही तसंच. तंत्रज्ञान एका देशाचं आणि कारखाना दुसऱ्या देशात, यात काही गैर नाही. टपारियाने १९६९ मध्ये स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने अवजारं बनवायला सुरुवात केली, आणि कारखाना आपल्या नाशिकला. म्हणून ती पक्कड स्वीडनची होत नाही. ‘क्रोम व्हॅनेडियम’ हे तर फक्त पोलादाचं नाव, देशाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

हातात पाना आला की मोबाईलचा टॉर्च तिरपा धरून झूम करा. चांगला पाना तापवलेल्या पोलादावर घण मारून, साच्यात दाबून घडवतात. काही कंपन्या नाव आणि देश त्या साच्यातच कोरतात, मग ती अक्षरं धातूतूनच उठलेली दिसतात. कारखान्याबाहेर पडल्यावर कुणाला ती बदलता येत नाहीत. लेझरने कोरलेली अक्षरं मात्र नंतरही टाकता येतात आणि स्टिकर तर नखाने निघतो. लेझर म्हणजे नकली असं नाही हं, चांगल्या कंपन्याही तो वापरतात. पण देश फक्त स्टिकरवर असेल तर मी दोनदा बघतो.

ही लबाडी जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीच्या सोलिंगेनमधल्या सुऱ्या-कात्र्यांवर इंग्लंडच्या शेफिल्डचं नाव टाकून विकत. म्हणून ब्रिटनने १८८७ मध्ये कायदा केला आणि ‘मेड इन जर्मनी’ हा शिक्का रूढ झाला. गंमत म्हणजे पुढे तोच शिक्का दर्जाची खूण बनला! दोनच वर्षांनी, १८८९ मध्ये, भारतातही तसा कायदा आला. मोठी नावंही यातून सुटलेली नाहीत. २००६ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनली वर्क्सने काही रॅचेटवर ‘मेड इन यूएसए’ असा खोटा दावा केल्याच्या आरोपावरून २,०५,००० डॉलर दंड भरला.

चिनी किंवा तैवानी पाना वाईटच असतो असं मी अजिबात म्हणत नाही. तैवानचे काही सेट मी स्वतः वापरतो. पण बनवणाऱ्याने पत्ता लपवला की पाना तुटल्यावर विचारायचं कुणाला? घाटात धुक्यात चाक काढताना पाना निसटला तर नटाचे कोपरे झिजतात आणि बोटं सोलवटतात ती वेगळीच.

एक पळवाट मात्र आहे. हे नियम पाकीटबंद मालाला लागू आहेत. हार्डवेअरच्या दुकानात ट्रेमध्ये सुटे ठेवलेले पाने घेताना लेबलच नसतं. आमच्याकडे भातकापणीचा विळा घेतानाही नसतं, पण तिथे लोहार समोर असतो. धार गेली की त्याच्याकडेच परत जायचं. सुट्या पान्याच्या बाबतीत दुकानदाराचं पक्कं बिल हाच तुमचा लोहार. त्यावर ब्रँडचं नाव लिहून घ्या.

ऑनलाइन पेजवर एक देश आणि बॉक्सवर दुसरा, असं निघालं तर दोन्हींचे फोटो काढा. आधी विक्रेत्याकडे रिटर्न टाका. तो टाळाटाळ करायला लागला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. लेबलच चुकीचं असेल तर राज्याच्या वैधमापनशास्त्र विभागाकडेही तक्रार करता येते. बॉक्स तोपर्यंत भंगारात टाकू नका.