गोल आणि गुणपत्रिका
आम्ही मूळचे कोल्हापूरचे. पेठांतल्या फुटबॉलचं वेड लेकीतही उतरलं. ती अकरावीत आहे, गोलकीपर. अमेरिकेतल्या कॉलेजकडून खेळायचंय, म्हणून दिल्लीच्या कस्तुरबा गांधी मार्गावरच्या अमेरिकन सेंटरच्या लायब्ररीत गुणपत्रिका पसरून आम्ही बापलेक हिशेब मांडतो. अमेरिकेतल्या एनसीएए या कॉलेज क्रीडा संघटनेच्या पहिल्या श्रेणीत खेळायला नववी ते बारावीत 16 मुख्य अभ्यासक्रम लागतात: इंग्रजी 4 वर्षं, गणित 3, विज्ञान 2, बाकी सामाजिक शास्त्रं वगैरे. सरासरी 4 पैकी किमान 2.3 हवी. त्यातले 10 अभ्यासक्रम शेवटच्या वर्षाआधीच पुरे करण्याची अट अमेरिकेत शिकणाऱ्यांना आहे; पूर्ण शालेय शिक्षण अमेरिकेबाहेर झालेल्यांना ती लागू नाही. या पात्रतेसाठी एसएटी परीक्षेची सक्ती 2023 मध्ये उठली. पालकांनो, नववीचे मार्कही धरले जातात. बारावीत जाग येऊन भागत नाही. सरावाइतकंच अभ्यासाचंही वेळापत्रक नववीपासूनच आखा.