परमुलखातली बेगमी

परदेशी राहणाऱ्या मराठी माणसाची चौकशी करायची असेल, तर पगार, घर, गाडी हे प्रश्न नंतर विचारावेत. आधी विचारावं, ‘तांदूळ कुठून आणता?’ तो त्या गावात किती रुळला आहे, त्याला शेजारपाजार आहे की नाही, अडीअडचणीला कोणाचं दार वाजवता येतं, हे त्या एका उत्तरात कळतं.

माझी लेक आणि जावई जर्मनीत, स्टुटगार्टजवळच्या एका लहान गावी राहतात. (मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत. त्याचा डाळ-तांदळाला काही उपयोग झाल्याचं दिसलं नाही.) २०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं तिच्याकडे तीन महिने होतो, त्यानंतर आणखी दोनदा जाऊन आलो. बँकेत हयात घालवलेल्या माणसाला राजवाड्यांपेक्षा दुकानं जास्त बोलकी वाटतात, त्यामुळे मी बराच वेळ दुकानांतच काढला.

तिथल्या सुपरमार्केटात पिठाच्या पुड्यांवर ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात. शंभर ग्रॅम पीठ जाळलं तर किती मिलिग्रॅम राख उरेल, त्याचा तो आकडा. आकडा मोठा तसा कोंडा जास्त. जर्मन माणसाची शिस्त राखेपर्यंत पोचलेली पाहून मला आदर वाटला. पण त्या पिठाची पोळी काही धड होईना. आपल्या गिरणीत गहू दगडांमध्ये रगडला जातो, त्यात पिठातला स्टार्च जरा चेचला जातो, म्हणून कणीक पाणी जास्त पिते आणि पोळी दुपारपर्यंत मऊ राहते. पावासाठी रोलरवर दळलेलं पीठ निराळं. तेव्हा कणकेसाठी ‘अण्णां’कडे जाणं आलंच.

अण्णा श्रीलंकेतले तमिळ. १९८३ च्या दंगलींनंतर जी हजारो कुटुंबं देश सोडून युरोपात आली, त्यांतलंच हे एक. ते १९८५ मध्ये आले, तेव्हा विशीत होते. तमिळमध्येही थोरल्या भावाला अण्णाच म्हणतात, त्यामुळे हाक मारताना दोन्हीकडची सोय झाली. दुकान दोन खोल्यांचं. दारातच तांदळाच्या पिशव्यांची थप्पी: पोन्नी, लाल तांदूळ, सोना मसुरी, बासमती. आमच्या लोकांनी मागून मागून पोहे, साबुदाणा आणि शेंगदाणे त्यांना ठेवायला लावले. ज्वारीचं पीठही ठेवतात. लेकीने एकदा सांगितलं, पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना चिरते. तेव्हापासून ते पुड्यावरची दळल्याची तारीख पाहतात. माझ्या बायकोने पुडा उचलला, तर त्यांनी तो तिच्या हातातून काढून घेतला. म्हणाले, ‘हे नको, पुढच्या आठवड्यात नवीन येईल.’ माल खपवण्याऐवजी परत फडताळात ठेवणारा दुकानदार मी फार दिवसांनी पाहिला.

त्या गावात आणि आसपास पाच मराठी घरं आहेत. महिन्याच्या पहिल्या शनिवारी (रविवारी जर्मनीत दुकानं बंद) दोन गाड्या अण्णांकडे जातात आणि पोती घेऊन येतात. वीस किलोचं पोतं घेतलं की किलोमागे बरेच पैसे वाचतात, पण एका घराला वीस किलो तूरडाळ ठेवायची कुठे? म्हणून वाटे करतात. इमारतीच्या तळघरात प्रत्येक बिऱ्हाडाला एक कुलूपबंद खोली असते, तिला ‘केलर’ म्हणतात. पूर्वी तिथे बटाटे आणि कोळसा ठेवत. ती पाहून बायको म्हणाली, ‘अगं, ही तर कोठीची खोली!’ आणि तिथल्या तिथे तिने कारभार हाती घेतला. तळघराला ओल असते, म्हणून डाळी वर न्यायच्या. तांदूळ घट्ट झाकणाच्या पिंपात खाली ठेवायचे. तराजू मधोमध, पाच घरांचे डबे भोवती, पोरंटोरं दाण्यांत हात घालताहेत. सातासमुद्रापलीकडे हे दृश्य पाहून मला आमच्या गावचा मे महिना आठवला.

किडीचा प्रश्न मात्र तिथेही आहे. आपण तांदळाला बोरिक पावडर लावतो, तुरीला एरंडेल चोळतो. जर्मनीत पिठातल्या पाखरांसाठी टपालाने एक पुठ्ठ्याचं कार्ड मागवतात. त्यावर गांधीलमाशीच्या कुळातले, डोळ्यांना जेमतेम दिसणारे कीटक असतात. ते पाखरांच्या अंड्यांत आपली अंडी घालतात आणि पाखरांची वंशवेल खुंटली की स्वतःही मरून जातात. पैसे देऊन घरात किडे मागवायचे, हे बायकोला अजून पटलेलं नाही.

२० जुलै २०२३ ला आपल्या सरकारने बासमती सोडून इतर पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. तेव्हा आम्ही तिथेच होतो. दोन दिवसांत अण्णांच्या दारातली सोना मसुरीची थप्पी पार गेली. लोक चार-चार पिशव्या मागू लागले. अण्णांनी भाव वाढवला नाही. दर घराला एकच पिशवी, असा नियम केला आणि काही पिशव्या मागच्या खोलीत दडवल्या. कोणासाठी, ते मला महिनाअखेरीला समजलं.

जर्मनीत शिकायला येणाऱ्या आपल्या मुलांना वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच एका बंद खात्यात भरावे लागतात. त्यातून दरमहा ठरलेली रक्कमच सुटते. सप्टेंबर २०२४ पासून ती ९९२ युरो आहे. खोलीचं भाडं आणि विमा गेला की महिन्याच्या वीस तारखेनंतर मुलांची ओढाताण सुरू होते. अशा मुलांसाठी त्या पिशव्या होत्या. घेऊन जा, एक तारखेला पैसे आणून दे. तारण नाही, जामीन नाही, फक्त वहीत नाव. किती बुडाले, असं मी व्यवसायाच्या सवयीने विचारलं. अण्णांनी वही उघडून दाखवली. आमच्या शाखेची वसुली कधी इतकी चांगली नव्हती! निर्यातबंदी पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये उठली. तोवर ही वही चालूच होती.

मसूर मात्र लेक आता दुसरीकडूनही घेते. स्टुटगार्टच्या दक्षिणेला आल्ब नावाचं डोंगरपठार आहे. तिथल्या लोकांचं आवडतं जेवण म्हणजे मसूर आणि घरगुती शेवया. तिथे पूर्वी मसूर पिकायची. १९५० नंतर स्वस्त परदेशी मालापुढे ती लागवड बंद पडली, बियाणंही नाहीसं झालं. वोल्डेमार माम्मेल या शेतकऱ्याने १९८५ मध्ये परक्या वाणावर पुन्हा सुरुवात केली; जुनं स्थानिक बी सापडलं ते २००६ मध्ये, थेट रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या बियाणे-संग्रहात. आता शेतकऱ्यांचा गट ती पिकवतो. मसुरीचं झाड लवतं, म्हणून आधाराला सोबत ओट किंवा बार्ली पेरतात आणि मळणीनंतर दाणे वेगळे करतात. अण्णांच्या मसुरीच्या दुपटीहून महाग पडते, पण बायकोने तिचा कऱ्हाडच्या पद्धतीने अख्खा मसूर केला तेव्हा पाची घरांनी बोटं चाटली.

यंदा पाच घरांत वाद झाला. घरपोच मागवली तर दहा किलो कणीक चार युरोंनी स्वस्त पडते. जावयाने कागदावर मांडून दाखवलं आणि त्याचं गणित बरोबर होतं. लेक म्हणाली, ‘बाबा, तुम्हीच सांगा.’ मी एवढंच विचारलं की जुलै २०२३ मध्ये त्या कंपनीने कोणासाठी पिशवी बाजूला ठेवली होती? शेवटी कणीक-तांदूळ अण्णांकडून, मसाले-लोणची घरपोच, अशी तडजोड झाली. जावयाला ती अजून पसंत नाही.

अण्णांनीही मला एक दिवस मागच्या खोलीत बोलावलं. जागेचा करार संपत होता, मालकीण पाच वर्षांचा नवा मागत होती. अण्णा एकसष्ट वर्षांचे. मुलगी फिजिओथेरपिस्ट, मुलगा कारखान्यात, दुकानात कोणी येणार नाही. ‘तुम्ही बँकेतले, सांगा, सही करू?’ तीन संध्याकाळी मी त्यांच्या वह्या चाळल्या. तांदूळ-कणकेत जेमतेम सुटतं; पण त्यासाठी आलेलं गिऱ्हाईक कढीपत्ता, नारळ, शेवग्याच्या शेंगा घेतं आणि दुकान त्यावर चालतं. पिशव्यांचं गिऱ्हाईक तुटलं तर बाकीचंही तुटेल. मी सांगितलं, पाच नको, तीन वर्षं मागा. मालकीण कुरकुरत तयार झाली.

पुढच्या शनिवारी पाच घरांनी नेहमीपेक्षा एक पोतं जास्त उचललं. ते ठेवायला लेकीच्या केलरमध्ये जागा नव्हती, म्हणून जावयाची सायकल बाहेर काढावी लागली.