मोतमाउलीची रांग

८ सप्टेंबर हा मरियेच्या जन्माचा सण. त्याला लागून येणाऱ्या रविवारपासून पुढचे आठ दिवस वांद्र्याच्या टेकडीवरच्या मरियेच्या चर्चपाशी जत्रा भरते. इंग्रजी वर्तमानपत्रांत ती ‘बॅन्ड्रा फेअर’ असते. कोळीवाड्यांत आणि गावठाणांत तिला मोतमाउलीची जत्रा म्हणतात. बेस्टची बससेवा स्टेशनपासून जादा गाड्या सोडते, पोलीस वाहतूक वळवतात, महापालिका स्टॉलच्या जागा देते. एवढी सरकारी यंत्रणा दिसते. पण चर्चच्या आवाराच्या आत, म्हणजे गर्दी जिथे सगळ्यात दाट होते तिथे, रांग धरून उभी असतात ती बिनपगारी माणसं. गळ्यात ओळखपत्र, हातात पाण्याची बाटली, घसा बसलेला. कोणी निवृत्त बँक कर्मचारी, कोणी शाळेतल्या बाई, कोणी नुकतं दृढीकरण (कन्फर्मेशन) झालेलं कॉलेजातलं पोर. त्यांना इथे ‘व्हॉलंटियर’च म्हणतात.

जत्रेला येणाऱ्यांतले फार मोठ्या संख्येने लोक ख्रिस्ती नसतात, आणि या स्वयंसेवकांचं अर्धं काम त्यामुळेच ठरतं. नवस बोललेली कोळीण, मुलाच्या व्हिसासाठी आलेलं गुजराती कुटुंब, बाळासाठी आलेलं जोडपं. बाहेरच्या दुकानांतून मेणाचे हात, पाय, घरं, बाळं घ्यायची आणि माउलीला वाहायची, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचं नसतं. दाराशी पहिला प्रश्न येतो तो चपलांचा. चर्चमध्ये पादत्राणं काढत नाहीत, पण देवळाच्या सवयीने लोक वाकतात आणि मागून रेटा चालूच असतो. अरुंद दारात वाकलेला माणूस आणि खाली चपलांचा ढीग, यापरता मोठा धोका नाही. “असू द्या ताई, पायात असू द्या, पुढे चला,” हे वाक्य तिथला माणूस दिवसभर म्हणतो. ऐकणाऱ्याला ते अगत्य वाटतं. खरं तर ती अपघात टाळण्याची पहिली पायरी असते.

दुसरी अडचण जास्त नाजूक. मिस्सा, म्हणजे चर्चमधला उपासनाविधी, चालू असताना लोक कम्युनियनसाठी उठतात आणि त्यांच्या मागे पाहुणेही उठतात. प्रसाद वाटतायत तर घ्यायला नको का? कॅथलिक श्रद्धेत ते ख्रिस्ताचं शरीर, बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठीच. आता नवसाला आलेल्या आजीला भर रांगेत “हे तुमच्यासाठी नाही” कसं सांगायचं? बऱ्याच चर्चमध्ये त्यावर तोडगा निघालेला आहे: हात छातीशी दुमडून या, फादर आशीर्वाद देतील. हे मिस्सेआधी माइकवरून सांगतात, पण कोणाच्या कानावर पडतं? शेवटी रांगेच्या कडेला उभ्या असलेल्या बाईंनाच हळूच आजींचे हात दुमडून द्यावे लागतात. पाहुणचाराचं इतकं अवघड काम मी दुसऱ्या कुठल्या उत्सवात पाहिलेलं नाही.

सुरक्षेचा इतिहास या टेकडीला नवा नाही. पोर्तुगीजांनी १६४० साली खाली समुद्राच्या टोकाला आग्वादचा किल्ला बांधला. वांद्र्याचा किल्ला म्हणून त्याचे अवशेष अजून आहेत. तरीही १७०० साली अरब चाचे वर आले आणि मरियेच्या मूर्तीचा उजवा हात तोडून गेले, असं परंपरा सांगते. हातात काहीतरी सोन्याचं आहे असं त्यांना वाटलं होतं म्हणे. तोफा इतक्या जवळ असून हात गेला! पुढे मराठ्यांच्या साष्टीच्या मोहिमेच्या धामधुमीत इथलं प्रार्थनास्थळ उद्ध्वस्त झालं, आणि मूर्ती समुद्रात कोळ्याला सापडली अशी कथा त्यानंतर रुजली. आजची निओ-गॉथिक वास्तू १९०४ मधली. तिचे वास्तुशिल्पी होते शापूरजी चंदाभॉय, म्हणजे पारशी. १९५४ मध्ये तिला बॅसिलिकाचा दर्जा मिळाला.

पारशांचं या टेकडीशी आणखी एक नातं आहे आणि मला ते वास्तूपेक्षा मोलाचं वाटतं. मुंबई बेटावरून वांद्र्याला यायचं तर माहीमची खाडी होडीने ओलांडावी लागे. १८४१ मध्ये तिथे वीसेक होड्या उलटल्या. लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी त्यानंतर १,५७,००० रुपये दिले आणि १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे खुला झाला. त्यांनी माउलीला नवस केला होता, असंही लोक सांगतात. ते खरं असो नसो, जत्रेला येणाऱ्यांच्या जिवासाठी झालेलं सगळ्यात मोठं काम एका बिगरख्रिस्ती बाईच्या पैशातून झालं.

आता धोका खाडीत नाही, पायऱ्यांवर आहे. सप्टेंबरचा पाऊस, दगडी पायऱ्या, वर सांडलेलं मेण, आणि एकाच वेळी चढणारी-उतरणारी माणसं. महाराष्ट्राला या मिश्रणाची किंमत ठाऊक आहे. २५ जानेवारी २००५ला वाईजवळच्या मांढरदेवीच्या जत्रेत फोडलेल्या नारळांच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या, काही लोक घसरले, मागचे त्यांच्यावर आले, मग दुकानं पेटली, सिलिंडर फुटले. तीनशेच्या आसपास माणसं गेली. २९ सप्टेंबर २०१७ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या जिन्यावर २३. तिथे देव नव्हता, उत्सव नव्हता, फक्त पाऊस आणि अरुंद जिना. एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसं झाली की गर्दी स्वतःच्या मर्जीने चालत नाही, ढकलली जाते. माणसं उभ्या उभ्या गुदमरतात. त्या टप्प्यावर शिट्टी मारून उपयोग नसतो. उपाय त्याआधीचा: चढायची वाट वेगळी, उतरायची वेगळी, आणि खाली पायथ्याशीच लोकांना थोडं थोडं सोडणं. हे काम दंडुक्याने होत नाही. ओरडलं की लोक बिचकतात, बिचकले की मागे वळतात, आणि उलटी फिरलेली रांग हीच खरी चेंगराचेंगरीची सुरुवात. “आजी, इथे टेका जरा, पाणी घ्या,” असं म्हणून थांबवलेली रांग मात्र शहाण्यासारखी थांबते.

काही वर्षी तारखाही अंगावर येतात. २०२४ मध्ये गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला आणि माउलीचा सण ८ला. म्हणजे जत्रेचे आठही दिवस गणपतीत. पोलीस विसर्जनाच्या बंदोबस्तात वाटले गेले की आवाराचा भार स्वयंसेवकांवर येतो. यात गंमत अशी की दोन्हीकडची पद्धत एकच आहे. मंडळाचा कार्यकर्ता आणि चर्चचा व्हॉलंटियर एकमेकांची कामं सहज अदलाबदल करू शकतील. दोरखंड तोच, घसा तसाच बसलेला.

२१ एप्रिल २०१९च्या ईस्टरला श्रीलंकेत चर्च आणि हॉटेलांवर हल्ले झाले, अडीचशेहून जास्त माणसं मेली. मुंबईतल्या चर्चच्या दारांवर पिशव्या तपासणं त्यानंतर वाढलं. त्या दिवसाची एक गोष्ट इथल्या प्रत्येक स्वयंसेवकाला सांगायला हवी. बट्टिकलोआच्या झायन चर्चमध्ये पाठीवर जड बॅग घेतलेला अनोळखी माणूस आला. दारातल्या एका माणसाने त्याची विचारपूस केली. बॅगेत कॅमेरा आहे, चित्रीकरण करायचंय, असं तो म्हणाला. त्यासाठी परवानगी लागते, असं सांगून दारातल्या माणसाने त्याला बाहेर नेलं. स्फोट आवारात झाला. दारातला तो माणूस स्वतः गेला, बाहेर असलेली मुलंही गेली, पण गच्च भरलेलं प्रार्थनागृह वाचलं. त्याच्याजवळ ना यंत्र होतं ना हत्यार. मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून माणसं सोडणारा आणि चेहरा वर करून बोलणारा, यांतला फरक मला यामुळे फार वाटतो. मुंबईतल्या बहुतेक चौकटी, मॉलमधल्या असोत की स्टेशनवरच्या, नुसत्या वाजत राहतात आणि कोणी बघत नाही.

सुरक्षा म्हणजे बाहेरून येणाऱ्या माणसावर पहारा, ही समजूत मात्र अपुरी आहे. गोवंडीतल्या एका चर्चच्या धर्मगुरूला २०१५च्या बाललैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात २०२१च्या अखेरीस जन्मठेप झाली. दारावर कितीही पिशव्या तपासल्या तरी हा धोका आत आलेलाच असतो. पॉक्सो कायद्याने २०१२पासून अशी माहिती पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक केलं आहे. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनीही धर्मगुरूंना चर्चच्या वरिष्ठांकडे कळवणं सक्तीचं केलं. त्याचा रोजचा अर्थ साधा आहे: धर्मशिक्षणाच्या वर्गात मोठं माणूस मुलासोबत बंद खोलीत एकटं नको, दाराला काच हवी, सहलीला दोन मोठी माणसं हवीत. हे नियम लावताना ‘आपल्या फादरांवर संशय घेता?’ असा सूर निघतो. तो सूर झेलून नियम पाळणारी बाई माझ्या मते जत्रेतल्या रांगेवाल्याइतकीच राखणदार आहे, आणि तिचे आभार कुठल्या मिस्सेनंतर माइकवरून मानले जात नाहीत.

कोविडमध्ये २०२० आणि २०२१ला जत्रा भरलीच नाही. राज्य सरकारने प्रार्थनास्थळं १६ नोव्हेंबर २०२०ला उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली, आणि ७ ऑक्टोबर २०२१ला घटस्थापनेच्या दिवशी पुन्हा उघडली. त्या काळात स्वयंसेवकाचं काम उलटं झालं: या म्हणण्याऐवजी नाव लिहा, हात धुवा, एक बाक सोडून बसा. २०२२ मध्ये जत्रा परत आली तेव्हा दोन वर्षं साठलेले नवस घेऊन लोक आले.

वांद्र्याची जुनी गावठाणं आता विरळ झाली आहेत. पाली, चुईम, रानवर इथली ईस्ट इंडियन, म्हणजे मूळच्या स्थानिक ख्रिस्ती लोकांची, घरं मोडून इमारती उठल्या, मुलं परदेशी गेली. स्वयंसेवकांचं हे काम पिढीजात चालत होतं, ते आता भरती करून चालवावं लागतं.

मुंबईच्या याच उपनगरांत, अंधेरीला, एक चर्च असं आहे की तिथे सुरक्षेची काही कमी नाही. जेझुइटांनी १५७९ मध्ये बांधलेलं सेंट जॉन द बाप्टिस्ट. १८४० मध्ये साथ आली, वस्ती उठली, चर्च मरोळला हललं आणि जुनी वास्तू पडीक राहिली. १९७३ मध्ये आसपासच्या जमिनीवर सीप्झ उभं राहिलं. आज त्या भिंती निर्यात क्षेत्राच्या कुंपणाआत आहेत. फाटकावर चोवीस तास पहारा, आत जायला पास. वर्षातून एकदा, मे महिन्यात, मरोळ परिसरातले ख्रिस्ती लोक तिथे मिस्सेला जातात. बिनछपराच्या त्या भिंतींत मंडप घालायचा, म्हाताऱ्यांना खडकाळ जमिनीवरून हात धरून न्यायचं, कोणाला उन्हाने चक्कर आली तर सावलीत बसवायचं, हे सगळं त्या एका दिवसासाठी धर्मग्रामातले स्वयंसेवकच करतात. उरलेले दिवस पहारा पूर्ण असतो, पण आत कोणी पाहुणा नसतो.