पेल्यातला बर्फ आणि गुरुवारचा विडा

जानेवारीतला पहिला गुरुवार, रात्रीचे साडेदहा. मी फ्रीजमधून बर्फाचा ट्रे काढून ओट्यापाशी उभा होतो. समोर काचेचा पेला आणि पालथ्या वाटीला टेकवून ठेवलेला मोबाइल. पंखा बंद, खिडकी बंद, नळ घट्ट. बायकोनं दारातून डोकावून पाहिलं. "घसा धरलाय ना तुमचा?" एवढंच विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता ती आत गेली. मी पेल्यात दोन खडे टाकले आणि पेला हळूच गोल फिरवला. किण्ण, खळ्ळ, किण.

काम एवढंच होतं. पेल्यात बर्फ खुळखुळवायचा, तो आवाज रेकॉर्ड करायचा आणि त्यातून काहीतरी घडवायचं. 'काहीतरी' म्हणजे काय ते कोणी सांगत नाही. त्याच आठवड्यात निरनिराळ्या देशांतल्या निरनिराळ्या ओट्यांवर हाच उद्योग चालू असतो आणि तो करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी एकमेकांना कधी पाहिलेलंही नसतं. या मंडळाचं नाव डिस्क्वायट जंटो. मंडळ म्हणायचं ते केवळ सोयीसाठी. त्याला वर्गणी नाही, घटना नाही, अध्यक्ष नाहीत, त्यामुळे अध्यक्षीय भाषणही नाही.

सॅन फ्रान्सिस्कोत राहणाऱ्या मार्क वाइडनबॉम यांनी हे २०१२च्या जानेवारीत सुरू केलं. वाइडनबॉम हे संगीतावर लिहिणारे गृहस्थ. एफेक्स ट्विन या इलेक्ट्रॉनिक संगीतकाराच्या एका अल्बमवर त्यांचं अख्खं पुस्तक आहे. ध्वनी आणि इलेक्ट्रॉनिक संगीताविषयीचं त्यांचं लिखाण १९९६पासून 'डिस्क्वायट' या नावानं चालतं. हे नाव त्यांनी घेतलं पोर्तुगीज लेखक फर्नांदो पेसोआ याच्या पुस्तकावरून. लिस्बनमधल्या एका सामान्य कारकुनाच्या तुटक तुटक टिपणांचं ते पुस्तक. कचेरीतून घरी आल्यावर रात्री स्वतःशी काहीतरी खुडबुड करत बसणाऱ्या माणसांच्या मेळ्याला हे नाव चपखल बसलं, असं मला तरी वाटतं.

नावाचा दुसरा भाग जास्त जुना. १७२७ साली फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिननं, वय वर्षं एकवीस, आपल्यासारख्याच हातावर पोट असणाऱ्या मित्रांना जमवून 'जंटो' काढला होता. छपाईवाला, काचा बसवणारा, जमीन मोजणारा, जोडे शिवणारा, असे लोक शुक्रवारी संध्याकाळी बसायचे. पाळीपाळीनं एकेकानं चर्चेला प्रश्न आणायचा आणि तीन महिन्यांतून एकदा स्वतः काहीतरी लिहून वाचून दाखवायचं. 'माझंच खरं' अशा थाटात बोलणाऱ्याला किंवा दुसऱ्याचं तोंडावर खोडून काढणाऱ्याला किरकोळ दंड होता. आपल्याकडच्या संगीतप्रेमींच्या बैठकीत हा दंड लावला, तर चहापाण्याचा खर्च सहज निघेल. याच फ्रँकलिननं १७६१ साली काचेच्या वाट्या एका दांड्यावर ओवून, ओल्या बोटांनी वाजवायचं आर्मोनिका नावाचं वाद्य तयार केलं. मोत्झार्टनं त्यासाठी १७९१मध्ये रचना केली. म्हणजे काचेतून सूर काढण्याचं वेड या नावाच्या मागे पहिल्यापासूनच आहे.

आता पद्धत. दर गुरुवारी एक काम जाहीर होतं. त्याला क्रमांक असतो, नाव असतं आणि पायरीपायरीनं दिलेल्या सूचना असतात. सोमवारी रात्री बाराला एक मिनिट कमी असेपर्यंत, आपापल्या घड्याळाप्रमाणे, ट्रॅक चढवायचा. निकाल नाही, क्रमांक नाही, परीक्षक नाहीत. एखाद्या आठवड्याला जमलं नाही तर कोणी विचारत नाही, पुढच्या गुरुवारी विडा पुन्हा मांडलेला असतोच. पहिलं काम बर्फाचं होतं आणि तेच दर वर्षी जानेवारीत पुन्हा येतं. एरवी बहुतेक आठवड्यांना काम नवं. सुरुवातीच्याच एका आठवड्यात धुक्यात जहाजांना इशारा देणारा भोंगा आणि आगगाडीची शिट्टी, या दोनच आवाजांतून युगुलवादन रचायला सांगितलं होतं. २०२१च्या जुलैत आकडा पाचशेवर गेला, २०२५मध्ये सातशेच्या पुढे. इतक्या वर्षांत एकही गुरुवार चुकलेला नाही. वारकऱ्याच्या नेमाची आठवण व्हावी असा हा प्रकार आहे.

असले उपक्रम अमेरिकेत आणखीही आहेत. बर सेटल्स यांनी २००४मध्ये सुरू केलेल्या उपक्रमात फेब्रुवारीच्या अठ्ठावीस दिवसांत चौदा गाणी लिहायची असतात. लीप वर्षात साडेचौदा, आणि ते अर्धं गाणं कसं मोजायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं. न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथच्या एका वृत्तपत्रानं २००६मध्ये असंच एक आव्हान काढलं: फेब्रुवारीतच दहा गाणी किंवा पस्तीस मिनिटांचं ध्वनिमुद्रण. 'साँग फाइट'मध्ये नुसतं शीर्षक मिळतं, त्यावर गाणं करायचं आणि मग ऐकणाऱ्यांची मतं. हे सगळं ठीकच आहे. पण पहिल्या दोहोंत भर संख्येवर, तिसऱ्यात जिंकण्यावर. जंटोत भर आहे तो विषयावर, म्हणून मी तिथे रमलो.

विषय बांधून देणं ही आपल्याला काही नवलाची गोष्ट नाही. समस्यापूर्ती हा आपल्याकडचा जुना खेळ. सभेत एक चरण टाकायचा आणि बाकीचे तीन कवीनं जागच्या जागी जुळवायचे. त्यातली सर्वांत प्रसिद्ध समस्या तर चक्क ध्वनीचीच आहे. भोज राजानं नुसत्या ठणठणाटाचा, अर्थ नसलेला चरण दिला आणि कालिदासानं त्याला कारण पुरवलं. रामाच्या अभिषेकासाठी पाणी आणणाऱ्या तरुणीच्या हातून सोन्याची घागर निसटली आणि पायऱ्यापायऱ्यांवरून गडगडत खाली गेली, तिचा तो आवाज. इतिहासाच्या हिशेबात भोज आणि कालिदास यांच्यात कैक शतकं आहेत, तेव्हा ही दंतकथाच. पण जंटोतलं बर्फाचं काम पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाइडनबॉम यांच्या जागी भोज राजाच दिसला. तोही असाच निरर्थक खुळखुळाट हातात ठेवून म्हणाला होता, करा याचं काहीतरी.

स्वतः वाइडनबॉम मुळं सांगतात ती फ्रान्सकडची. 'उलिपो' हा लेखकांचा आणि गणितज्ञांचा गट १९६०मध्ये निघाला. मुद्दाम बंधनं घालून घेऊन लिहायचं, हा त्यांचा छंद. त्यातल्या जॉर्ज पेरेकनं १९६९मध्ये अख्खी कादंबरी 'ई' हे अक्षर न वापरता लिहिली. फ्रेंचमध्ये ते अक्षर टाळणं म्हणजे मराठीत काना न देता कादंबरी लिहिण्यासारखं आहे.

बंधनाचा हौशी माणसाला काय उपयोग, ते मी माझ्या अंगावरून सांगू शकतो. मी पेटी वाजवतो. भजनाला, गणपतीत, कधी शेजारच्या काकांच्या नाट्यगीतांना. जत्रेत हौशे, नवशे, गवशे असतात म्हणतात, मी त्यातला पहिला. रेकॉर्डिंगचं वेड लागलं तेव्हा चारचौघांप्रमाणे मीही आधी सामान जमवलं: माइक, ऑडिओ इंटरफेस, हेडफोन, माइकपुढे लावायची जाळी. दोन वर्षांत एकही तुकडा पुरा झाला नाही. दर वेळी वाटायचं, अजून एक गोष्ट आली की बसू. गुरुवार ते सोमवार या मुदतीत सामान मागवताच येत नाही, हा जंटोचा सर्वांत मोठा गुण. बर्फ घरात असतो, पेला असतो, फोन असतो. बसावंच लागतं.

आणि बसलं की ऐकू यायला लागतं. त्या रात्री हेडफोन लावून रेकॉर्डिंग ऐकलं, तर बर्फापेक्षा फ्रीजच जास्त वाजत होता. आधी चिडलो. मग पेटी काढून त्याचा सूर शोधला. आपल्याकडे वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, त्यामुळे फ्रीजची घरघर असते शंभर कंपनांची. पेटीवर ती खालच्या पांढरी पाचच्या जरा वर पडते, इतकी जरा की तानपुरा लावणाऱ्यानं म्हणावं, "थोडा चढलाय, उतरवा." अमेरिकेत वीज साठ आवर्तनांची. तिथला फ्रीज एकशेवीस कंपनांवर, म्हणजे काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधोमध कुठेतरी गातो. तेव्हा पेला तोच, बर्फ तोच, पण सॅन फ्रान्सिस्कोतल्या स्वयंपाकघराचा षड्ज वेगळा आणि माझ्या स्वयंपाकघराचा वेगळा. इतकी वर्षं या घरात राहतो, रोज ज्याच्या सुरात जेवतो तो सूर मला त्या रात्री पहिल्यांदा कळला.

मग बर्फाकडे वळलो. खड्यावर साधं पाणी ओतलं की वरचा थर एकदम तापून फुगू पाहतो, आतला गाभा थंडच असतो, त्या ओढाताणीत तडा जातो: टक्. हा आवाज इतका आखूड की कान त्याला सूर मानतच नाही. पण रेकॉर्डिंगचा वेग निम्मा केला की आवाज एक सप्तक खाली येतो आणि दुप्पट लांबतो. पुन्हा निम्मा केला की मंद्रात, चौपट लांब. पेल्याच्या काठावर खडा आपटल्याची 'किण' या हिशेबात देवळातली घंटा होते. स्टीलचा पेलाही घेऊन पाहिला. ते सगळं भांड्यांच्या मांडणीतून आल्यासारखं वाटलं, सोडून दिलं. खडे वितळले तरी पाण्याची पातळी तिथेच राहिली. तरंगता बर्फ वितळून जेवढं पाणी होतं, तेवढीच जागा त्यानं आधी अडवलेली असते. शाळेत हे पाठ केलं होतं. जलतरंगवाल्यांच्या दृष्टीनं ही चांगलीच बातमी, कारण पाणी वाढलं की भांड्याचा सूर उतरतो. रविवारी रात्री अडीच मिनिटांचा तुकडा झाला. चांगला होता असं म्हणवत नाही, पण पुरा होता.

जंटोतलं सगळं ऐकण्याजोगं असतं असंही नाही. बरेच ट्रॅक लांबलचक, संथ, धुक्यात हरवल्यासारखे. तीन ओळीनं ऐकले की पेंग येते. तबल्याची सवय असलेल्या कानाला 'आता सम कुठे?' असं होत राहतं. काही लोक ट्रॅकपेक्षा त्याबरोबरचं स्पष्टीकरणच मोठं लिहितात. पण मला ते स्पष्टीकरणच अनेकदा जास्त आवडतं. कोणती तार कुठे लावली, काय फसलं, मूल झोपल्यावर किती वाजता बसलो. गवयांच्या मैफिलीनंतर पानाच्या टपरीवर जे बोलणं चालतं, त्या जातीचं ते असतं.

मात्र वर्षाच्या सुरुवातीला तीन आठवडे एक मालिका चालते, तिच्यासाठी मी हातातलं काम टाकतो. पहिल्या आठवड्यात प्रत्येकानं एकट्यानं एक तुकडा वाजवायचा, पण तो तिघांच्या वादनातला एक तृतीयांश आहे असं धरून. आवाज सगळा डाव्या कानात ठेवायचा. दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्या कोणाचा तरी तुकडा उचलायचा आणि त्याच्यावर आपली साथ चढवायची, उजव्या कानात. तिसऱ्या आठवड्यात तिसरा येतो आणि मधली जागा भरतो. हे तिघं भेटत नाहीत, बोलत नाहीत, एका वेळी वाजवतही नाहीत. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली ट्रॅक ठेवलेले असतात, म्हणून मूळ वादकाचं नाव दिलं की पुढच्यानं ते उचलायला हरकत नसते.

कागदावर सोपं वाटतं. पण पहिल्या आठवड्यात वाजवायला बसलं की कळतं, जागा सोडणं किती अवघड आहे ते. पेटीवाल्याला तर विशेष. आमचा सगळा जन्म गायकाच्या श्वासाच्या फटी भरण्यात गेलेला. इथे उलट, फट ठेवायची, आणि ज्याच्यासाठी ठेवायची तो कोण, काय वाजवणार, काही माहीत नाही. मी पहिल्यांदा वाजवलं ते इतकं भरगच्च झालं की त्यावर दुसऱ्या कोणाला टाळीसुद्धा वाजवता आली नसती. चौथ्या वेळी एकेक सूर लावून भाता सोडून द्यायला लागलो. पुढच्या आठवड्यात कोणीतरी त्यावर चेलो धरला होता. मी जिथे थांबलो होतो, नेमका तिथेच तो शिरत होता. आणखी एकानं त्याच तुकड्यावर नुसती दाराची कडी वाजवली होती. ती मला अजून कळलेली नाही.

ही मंडळी सुरुवातीला साउंडक्लाउड या संकेतस्थळावरच्या गटात जमायची. २०१६ साली त्या कंपनीनं सगळे गटच बंद केले. आपल्याकडे अशा वेळी मंडळाचे दोन तुकडे पडतात आणि दोघंही मूळ नावावर हक्क सांगतात. जंटोनं दुसरीकडे पथारी टाकली आणि लगेचच्या गुरुवारी पुढचा क्रमांक निघाला.

डिसेंबर संपता संपता एक काम येतं, रोजनिशीचं. सरल्या वर्षातल्या प्रत्येक महिन्याचा एक आवाज निवडायचा, प्रत्येकाची पाच सेकंदं, बारा महिन्यांचं मिळून एक मिनिट. मी फोनमधली रेकॉर्डिंग चाळायला बसलो. जुलै लगेच मिळाला, पत्र्यावरचा पाऊस. सप्टेंबरमध्ये ढोल, तेही इतक्या जवळून घेतलेले की आवाज फाटलाय. मे महिन्यात आंबेवाल्याची आरोळी. ऑक्टोबरात काकांचं खोकणं, मग पेटीचा पहिला सूर, मग पुन्हा खोकणं. असे अकरा महिने जुळले. फेब्रुवारीत मात्र काहीच नव्हतं. वर्षभराचे फोटो पाहिले, बँकेचे मेसेज पाहिले, फेब्रुवारीत आपण काय ऐकलं ते काही आठवेना. सोमवारी रात्री सव्वाअकरा वाजता उठून स्वयंपाकघरात गेलो आणि फ्रीजची पाच सेकंदं घेतली.