जनसुरक्षा आणि नागरी स्वातंत्र्य : दोन निकालांच्या निमित्ताने

२०२५ सालच्या जुलै महिन्यात मुंबईतील न्यायालयांनी दहा दिवसांच्या अंतराने दोन निकाल दिले. २१ जुलै रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६ च्या लोकलगाड्यांतील बॉम्बस्फोटांच्या खटल्यात बाराही आरोपींना निर्दोष ठरविले. ३१ जुलै रोजी विशेष न्यायालयाने २९ सप्टेंबर २००८ च्या मालेगाव स्फोटाच्या खटल्यातील सातही आरोपींना पुराव्याअभावी मुक्त केले. पहिल्या निकालाने जे संतापले, त्यांतील पुष्कळजण दुसऱ्या निकालाने आनंदले. पहिल्या निकालाने ज्यांना हायसे वाटले, त्यांतील पुष्कळजण दुसऱ्याने खिन्न झाले. आरोपींची नावे वाचूनच प्रत्येकाने आपले मत ठरविले होते. परंतु गाड्यांतील स्फोटांत एकशे ऐंशीहून अधिक माणसे आणि मालेगावात सहा माणसे मेली, ती कोणी मारली, हा प्रश्न दोन्ही निकालांनंतर तसाच उभा राहिला. त्याविषयी मात्र फारसे कोणी बोलले नाही.

दहशतवादाचा विषय निघाला की आपण एक तराजू डोळ्यांपुढे आणतो. एका पारड्यात देशाची सुरक्षा, दुसऱ्यात नागरिकाचे स्वातंत्र्य; एक जड करावयाचे तर दुसऱ्यातून थोडे काढावेच लागणार. ही उपमा कितपत खरी आहे, हे तपासून पाहण्याचा ह्या लेखाचा हेतू आहे.

सुरक्षा हा देखील हक्कच

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. सुरक्षेची मागणी करणारा माणूस स्वातंत्र्याचा शत्रू नसतो. कामावरून घरी जाण्यासाठी लोकलमध्ये बसलेल्या माणसाचा जीव जातो, तेव्हा त्याचे सगळेच हक्क एकदम जातात. दुकान उघडता येणे, बाजाराला बिनघोर जाता येणे, मुलगी कॉलेजातून संध्याकाळी सुखरूप घरी येणे, ही गरिबाची स्वातंत्र्येच आहेत. जुलै २०१५ मध्ये आपल्या हरसूलनेही दंगल आणि संचारबंदी पाहिली. शांतता मोडली की सर्वांत आधी हातावर पोट असलेल्याची चूल विझते, हे आपल्या भागात कोणाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. तेव्हा राज्याने कडक असावे, ह्यात वाद नाही. वाद आहे तो कडकपणा म्हणजे काय, ह्याविषयी.

नेहमीचा कायदा आणि विशेष कायदा

माझ्या घरात माझ्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नाही. त्यामुळे ‘कायदा’ म्हणजे पोलीस आणि ‘जामीन’ म्हणजे सातबारा घेऊन तालुक्याला येणारा कोणीतरी भला माणूस, एवढेच मला ठाऊक होते. राज्यशास्त्राच्या अभ्यासात समजले की अटक झालेल्या माणसाभोवती राज्यघटनेने आणि कायद्याने काही कुंपणे घातलेली आहेत. घटनेच्या २२ व्या अनुच्छेदाप्रमाणे अटकेपासून २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, त्याला दंडाधिकाऱ्यासमोर उभे करावे लागते. पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांपेक्षा अधिक देता येत नाही. गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत आरोपपत्र आले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. हा नियम १८७२ च्या इंग्रजी अमदानीतील पुरावा कायद्यात होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. मारहाण करून कोणाकडूनही काहीही वदवून घेता येते, हे परक्या सरकारलाही कळत होते!

विशेष कायदे ही कुंपणे मागे सरकवतात. ‘टाडा’ १९८५ साली आला आणि १९९५ साली संपला. ‘पोटा’ २००२ साली आला आणि २००४ साली रद्द झाला. आता दहशतवादाविरुद्धचा मुख्य कायदा म्हणजे १९६७ चा बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा, म्हणजेच ‘यूएपीए’. तो २००४, २००८ आणि २०१९ साली अधिकाधिक कडक होत गेला. महाराष्ट्राचा स्वतःचा ‘मोक्का’ १९९९ सालचा. तो संघटित गुन्हेगारीच्या टोळ्यांसाठी केला गेला, पण पुढे बॉम्बस्फोटांच्या खटल्यांतही वापरला गेला. ‘यूएपीए’ आणि ‘मोक्का’ ह्या दोन्ही कायद्यांत पोलीस कोठडी ३० दिवसांपर्यंत आणि आरोपपत्राची मुदत १८० दिवसांपर्यंत वाढू शकते. जामीन मिळणे अतिशय अवघड होते. शिवाय ‘मोक्का’मध्ये पोलीस अधीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो.

ह्या सवलती पोलिसांना कशासाठी दिल्या? दहशतवादी गट गुप्तपणे काम करतात, साक्षीदार घाबरतात, तपास अनेक राज्यांत पसरतो, म्हणून. कारणे खोटी नाहीत. परंतु ह्या सवलतींनी खरा गुन्हेगार अधिक खात्रीने सापडला काय? ह्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात शोधता येते.

मालेगाव : आपल्या जिल्ह्यातील धडा

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला आपण आणि पूर्वेकडे यंत्रमागांचे मालेगाव. तेथे ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी, शुक्रवारच्या नमाजानंतर स्फोट झाले आणि तीसहून अधिक माणसे मेली. दहशतवादविरोधी पथकाने नऊ मुसलमान तरुणांना ‘मोक्का’खाली पकडले. कबुलीजबाब झाले, त्याच वर्षी आरोपपत्रही आले. प्रकरण उलगडले, असे सर्वांना वाटले.

पुढे २०११ साली तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. नऊपैकी सात जणांना त्याच वर्षी जामीन मिळाला. उरलेल्या दोघांवर मुंबईच्या लोकलगाड्यांतील स्फोटांचाही आरोप असल्यामुळे ते तुरुंगातच राहिले. २०१३ साली ह्या यंत्रणेने जे आरोपपत्र दिले, त्यात अगदी वेगळ्या माणसांची, हिंदू गटाशी संबंधित आरोपींची, नावे होती. एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने पहिल्या आरोपींना दोषमुक्त केले. त्यांतील एकजण त्यापूर्वीच वारला होता. नंतरच्या आरोपींचाही खटला रेंगाळला आणि २०१९ साली उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला.

आता हिशेब मांडून पाहा. निरपराधांची पाच वर्षे तुरुंगात गेली. तपासाचे सुरुवातीचे दिवस, जेव्हा खुणा ताज्या असतात आणि साक्षीदारांना आठवत असते, ते एका चुकीच्या वाटेवर खर्च झाले. ज्यांची माणसे कब्रस्तानाजवळ मेली, त्यांना गुन्हेगार कोण हे ठामपणे सांगणारा निकाल वर्षानुवर्षे मिळाला नाही. मग ह्यात सुरक्षेचे पारडे कोठे जड झाले? स्वातंत्र्य तर गेलेच, पण सुरक्षाही मिळाली नाही. चुकीचा माणूस आत गेला की खरा माणूस बाहेर राहतो. पोलिसांपुढील कबुलीजबाब न मानण्याचा जुना नियम म्हणूनच केवळ आरोपीच्या दयेपोटी केलेला नाही. तपास आळशी होऊ नये म्हणूनही तो आहे.

लोकलगाड्यांच्या खटल्यातही हेच दिसते. २०१५ साली विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली होती. उच्च न्यायालयाला मात्र कबुलीजबाब विश्वासार्ह वाटले नाहीत. काही साक्षीदार शंभराहून अधिक दिवसांनी पुढे आले होते. स्फोटांत कोणत्या प्रकारचे बॉम्ब वापरले, हेदेखील सरकार पक्षाला शाबीत करता आले नाही. फाशीची शिक्षा झालेल्यांपैकी एकजण हा निकाल ऐकावयास जिवंत नव्हता. राज्य शासनाने ह्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. त्या न्यायालयाने २४ जुलै २०२५ रोजी, हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असे सांगितले. पण सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात धाडले नाही.

कसाबचा खटला काय सांगतो?

कोणी म्हणेल, ‘दहशतवाद्याला कसला वकील आणि कसला खटला?’ त्याला २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याचे उदाहरण द्यावेसे वाटते. त्या रात्री सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे ह्यांनी गोळ्या अंगावर झेलून अजमल कसाबची बंदूक धरून ठेवली आणि तो जिवंत सापडला. त्याला वकील देण्यात आला. साक्षी झाल्या, कॅमेऱ्यांतील चित्रे पाहिली गेली. मे २०१० मध्ये फाशीची शिक्षा झाली. उच्च न्यायालयाने २०११ साली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली ती कायम केली. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात ती अमलात आली. त्याच खटल्यातील दोन भारतीय आरोपींना पुरावा अपुरा म्हणून सोडण्यात आले आणि तेही वरच्या न्यायालयांत टिकले. हल्ला ते अंतिम शिक्षा, चार वर्षे! पुरावा भक्कम असेल तर आरोपीचे हक्क आड येत नाहीत, हे ह्या खटल्याने दाखविले. उलट त्या हक्कांमुळेच निकालाकडे कोणाला बोट दाखविता आले नाही.

मग करावयाचे काय?

विशेष कायदे नकोतच, असे माझे म्हणणे नाही. परंतु काही अटी असाव्यात असे वाटते.

पहिली अट मुदतीची. ‘टाडा’ला ठराविक वर्षांची मुदत होती, संसदेला तो पुन्हा पुन्हा वाढवावा लागे, म्हणून त्यावर चर्चा होई आणि अखेर तो संपला. कायमच्या कायद्याला असा हिशेब द्यावा लागत नाही.

दुसरी अट पुराव्याची. कोठडीतील कबुलीवर नव्हे, तर स्वतंत्र साक्षी आणि शास्त्रीय तपासणी ह्यांवर खटला उभा राहावा.

तिसरी अट वेगाची. जामीन द्यावयाचा नसेल तर खटला झटपट चालवा. खटला फार लांबला तर कडक कायद्यातही घटनात्मक न्यायालये जामीन देऊ शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितले आहे.

चौथी अट जबाबदारीची. दहा-पंधरा वर्षांनी निर्दोष सुटलेल्याला भरपाई मिळावी आणि खोटा पुरावा रचणाऱ्याला जाब विचारला जावा.

त्याच जुलै २०२५ मध्ये आपल्या विधिमंडळाने ‘महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक’ मंजूर केले. कडव्या डाव्या संघटनांना आळा घालणे हा त्याचा सांगितलेला हेतू. त्याच्या बाजूचे असोत वा विरोधातले, आपण विद्यार्थ्यांनी ते मुळातून वाचावे आणि वरील अटी त्याला लावून पाहाव्यात. इतिहास एवढेच सांगतो की कायदा एकासाठी केला जातो आणि लागू होतो दुसऱ्यालाच. १९७१ चा ‘मिसा’ अंतर्गत सुरक्षेसाठी होता. १९७५ च्या आणीबाणीत त्याखाली विरोधी पक्षांचे नेते आणि कार्यकर्ते तुरुंगात गेले. १९७६ साली सर्वोच्च न्यायालयानेही त्यांना दाद दिली नाही. पाचांपैकी न्यायमूर्ती हंसराज खन्ना एकटे वेगळे बोलले.

म्हणून तराजूची उपमा मला पटत नाही. त्यापेक्षा विहिरीच्या कठड्याची पटते. कठडा पाणी अडवीत नाही. पाणी शेंदणारा आत पडू नये म्हणून तो असतो. घाईत कठडा फोडला तर पाणी वाढत नाही, माणूस मात्र बुडतो. तो माणूस आज मालेगावचा असेल, उद्या मुंबईचा, परवा आपल्या पाड्यावरचा. तो ‘आपला’ की ‘त्यांचा’, हे न विचारता आपण कठडा राखला, तरच स्फोटांत मेलेल्यांनाही खरा न्याय मिळेल.