डावा कोपरा

रविवार, १ जून २०२५. संध्याकाळचे साडेसहा. डोंबिवली पश्चिमेला, खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावरचं एक क्रीडा मंडळ. यंदा पाऊस मे महिन्यातच येऊन बसलाय, त्यामुळे लाल मातीचं मैदान निळ्या ताडपत्रीखाली आणि सराव बंद. पोरं तरीही आलीच आहेत. पत्र्याच्या शेडमध्ये, बाकड्यावर पाण्याच्या बाटलीला टेकवून एक मोबाइल उभा केलाय. त्यावर प्रो कबड्डीच्या बाराव्या हंगामाची बोली चालू आहे. बोली मुंबईतच, इथून लोकलने तास-सव्वा तासावर. पण चित्र असं अडकतंय जणू दुसऱ्या खंडातून येतंय.

आज छोट्या रकमांचा दिवस. वाद मात्र अजून कालचाच.

"देवांक दोन कोटी साडेवीस लाख! आणि बरोबरच आहे," पिवळ्या टी-शर्टवाला सांगतो. "मागच्या हंगामात चढायांचे तीनशे एक गुण. शेवटी पैसा रेडरलाच."

"मग शादलूई? दोन कोटी तेवीस. त्याच्याहून जास्त."

"तो ऑलराऊंडर म्हणून गेला."

"ऑलराऊंडर कागदावर. मॅटवर उभा कुठे राहतो ते बघ की."

आतापर्यंत गप्प असलेले आप्पा खुर्ची पुढे ओढतात. आप्पा चाळीस वर्षं गुणलेखक होते; पायाने अधू झाले तरी वही सुटलेली नाही. "चपला आणा रे," म्हणतात. मातीवर कुणी चपलेने जात नाही, त्यामुळे शेडच्या कडेला ढीग असतोच. सात चपला अर्धगोलात मांडल्या जातात. दोन टोकांना दोन कॉर्नर, त्यांच्या शेजारी दोन इन, मग दोन कव्हर, मधोमध सेंटर. पिवळ्या टी-शर्टवाल्याची डावी चप्पल लेफ्ट कॉर्नर होते. आप्पा काठीचं टोक तिच्यावर ठेवतात.

"चढाईवाला इथं बोनस मारायला पाय टाकतो. टाकला की घोटा याच्या हातात. एकेरी पट निघाला की बाकीचे सहा नुसते पडायला येतात. नाही निघाला, तर हा बाद, आणि मदतीला येऊन ज्यांनी हात लावला तेही. सगळ्यात मोठी जोखीम इथं."

ही मांडणी मी आधीही पाहिली आहे, पण आज तिला आकड्यांचा आधार आहे. २०१८ मध्ये यू मुम्बाने फझल अत्राचली या इराणी डाव्या कोपरारक्षकासाठी एक कोटी मोजले, तेव्हा पुष्कळांनी भुवया उंचावल्या होत्या. मग त्याच देशाचा, त्याच कोपऱ्यातला मोहम्मदरझा शादलूई: २०२३ मध्ये पुणेरी पलटणने २ कोटी ३५ लाखांना घेतला, पलटण विजेती. २०२४ मध्ये हरियाणा स्टीलर्सने २ कोटी ७ लाखांना, हरियाणा विजेते. आता गुजरातची पाळी. पैसा रेडरलाच, हे वाक्य पिवळा टी-शर्ट पुन्हा उच्चारत नाही, एवढं खरं.

"फुटबॉलमध्येपण तसंच झालेलं," कोपऱ्यातून मुंबई सिटीची आकाशी जर्सी बोलते. "दोन हजार सतराचा आयएसएलचा ड्राफ्ट, तोही मुंबईतच. सगळ्यात पहिला उचलला तो डिफेंडर. अनस एडाथोडिका, जमशेदपूरने."

"हां, पण तिकडे एक गोल वाचवला की मॅच वाचते. इथे मिनिटाला गुण पडतात," पिवळ्याला हुरूप येतो. वाद फुटबॉलकडे वळतो, दोन मिनिटांत परत येतो.

आप्पा आपल्या जिल्ह्यावर येतात. ठाण्याचा गिरीश इर्नाक डाव्या कोपऱ्यातच उभा राहिला, पुणेरी पलटणकडून काही मोसम. "आपली मातीच लेफ्टची आहे," आप्पा म्हणतात. पुरावा काही देत नाहीत.

मग सगळ्यांच्या नजरा हळूच एका मुलाकडे वळतात. एकोणीस वर्षांचा, भिंतीला टेकून बसलाय, गुडघ्याला पट्टी. मंडळाचा लेफ्ट कॉर्नर. पडद्यावर कुणीतरी मूळ किमतीलाच विकला गेलाय. पहिल्या हंगामात, २०१४ मध्ये, सगळ्यात महाग राकेश कुमार १२ लाख ८० हजारांना गेला होता. आज सगळ्यात खालच्या ड गटाची मूळ किंमतच ९ लाख आहे. मुलगा तो आकडा बघतोय आणि बघत नसल्यासारखं दाखवतोय.

"याला कोण घेईल?" कुणीतरी चेष्टेत विचारतं, आणि चेष्टा लगेच संपते.

"वजन अडुसष्ट. कमी आहे."

"घाई करतो. पाय येण्याआधीच झेपावतो."

"सामन्यात दोन-तीनच्या वर टॅकल नाहीत याचे."

आप्पा वही उघडतात, याच्या एका सामन्याचं पान काढतात. प्रत्येक चढाईपुढे एक बारीक बाण: डावीकडे गेली की उजवीकडे. गुणपत्रिकेत हा रकाना नसतो, आप्पांनी स्वतः आखलाय. "हे बघ. पहिली वीस मिनिटं, बाण दोन्हीकडे. याने दोन पट काढले. उत्तरार्ध बघ."

उत्तरार्धाच्या पानावर बाण जवळजवळ सगळे उजवीकडे.

"अर्धं मैदान बंद केलंय पोराने. तुझ्या टीव्हीवर दोन गुण दिसणार."

"पण आप्पा, बोली लावणारेही दोनच बघणार ना?"

या पिवळ्याचा मला आत्तापर्यंत राग येत होता. हा प्रश्न मात्र रास्त आहे. आप्पा चष्मा पुसतात. त्यांच्यापाशी उत्तर नाही. मुलगा उठून वही हातात घेतो, पान उलटतो, पुन्हा मागे येतो. बाण मोजतोय.

पाऊस थांबलाय. पिवळा घड्याळ बघतो. त्याला सातची बस गाठायची आहे.

"आप्पा, माझी चप्पल."

आप्पा काठी उचलत नाहीत. "थांब जरा. बोली चालू आहे."