विश्लेषण : भिंतीपलीकडचे दुकान दीड किलोमीटर दूर का? शहरातील रस्त्यांची जोडणी कशी मोजतात?

पुण्याच्या उंड्री, पिसोळी, वाघोली, म्हाळुंगे या भागांत हे चित्र नेहमीचे. बाल्कनीतून शेजारच्या सोसायटीखालचे किराणा दुकान दिसते, पण मध्ये कुंपणाची भिंत असते. दुकानात जायचे तर गेटमधून बाहेर पडून मुख्य रस्ता गाठायचा, कोंडीतून पुढे सरकायचे आणि पलीकडच्या गेटमधून आत शिरायचे. अशा वेळी दोष रस्त्याच्या रुंदीला दिला जातो. पण रस्ते एकमेकांना किती जोडलेले आहेत, हा प्रश्न रुंदीइतकाच महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर आकड्यांत काढता येते.

शहर ‘विस्कळीत पसरले’ असे कधी म्हणतात?

शहर वाढणे आणि विस्कळीत पसरणे यांत फरक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत यासाठी ११.३.१ हा निर्देशांक आहे. बांधकामाखालील जमीन वाढण्याचा वेग आणि लोकसंख्या वाढण्याचा वेग यांचे गुणोत्तर त्यात काढतात. ते १ पेक्षा जास्त असेल, तर माणसांपेक्षा जमीन वेगाने खर्ची पडते आहे असा अर्थ होतो. जमिनीच्या वाढीचा अंदाज उपग्रह छायाचित्रांवरून येतो.

मात्र हा आकडा फक्त शहराचा आकार सांगतो. दोन शहरांनी सारखीच जमीन व्यापली, तरी एकात पायी फिरता येते आणि दुसऱ्यात दुधाच्या पिशवीसाठीही दुचाकी काढावी लागते. हा फरक रस्त्यांच्या रचनेतून पडतो.

रस्त्यांची जोडणी कशी मोजतात?

त्यासाठी नकाशाकडे बिंदू आणि रेषा म्हणून पाहिले जाते. प्रत्येक चौक, तिठा आणि बंद गल्लीचे टोक हा एक बिंदू. दोन बिंदूंमधला रस्त्याचा तुकडा ही एक रेषा. मग पुढील गोष्टी मोजतात.

• चौकांची घनता : एका चौरस किलोमीटरमध्ये किती चौक आणि तिठे आहेत.

• बंद गल्ल्यांचे प्रमाण : एकूण बिंदूंपैकी किती ठिकाणी रस्ता संपतो.

• रेषा-बिंदू गुणोत्तर : रेषांच्या संख्येला बिंदूंच्या संख्येने भागायचे. चौकटबंद आखणीच्या मोठ्या शहरात ते २ च्या जवळ जाते. अमेरिकेतील काही शहरांच्या नियमांत नव्या वसाहतींसाठी १.४ च्या आसपासची अट असते.

• वळसा : रस्त्याने पडणारे अंतर भागिले सरळ रेषेतील अंतर. समजा, दुकान सरळ रेषेत १५० मीटरवर आहे आणि रस्त्याने १.५ किलोमीटर पडते. तर वळसा १० पट झाला.

झाड आणि जाळे यांत नेमका फरक काय?

समजा, नऊ चौक तीन-तीनच्या तीन ओळींत आहेत. प्रत्येक चौक शेजारच्या चौकांना जोडला, तर रस्त्याचे १२ तुकडे होतात आणि गुणोत्तर १.३३ येते. तेच नऊ बिंदू झाडाच्या फांद्यांसारखे जोडले, तर ८ तुकड्यांत काम भागते आणि गुणोत्तर ०.८९ वर येते. फक्त चार तुकडे वाचले, पण आता कोणत्याही दोन ठिकाणांमध्ये जाण्याची वाट एकच उरते.

प्रत्येक फांदीवरची वाहतूक शेवटी खोडावर, म्हणजे मुख्य रस्त्यावर येते. तिथे एखादा ट्रक बंद पडला, तर शाळेची बस, रुग्णवाहिका आणि पाण्याचा टँकर एकाच रांगेत अडकतात. खोड रुंद केले तरी वाट एकच राहते.

पायी चालणाऱ्याचे नुकसान याहून मोठे. दहा मिनिटांत साधारण ८०० मीटर चालता येते. एवढ्या त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे २ चौरस किलोमीटर भरते. दाट चौकटबंद रस्ते असतील, तर त्यातला जवळपास ६४ टक्के भाग दहा मिनिटांत गाठता येतो. बंद गल्ल्यांच्या भागात हा हिस्सा झपाट्याने घटतो. बसथांबा नकाशावर जवळ दिसतो, पण पायाला लांब पडतो.

जगात काय दिसून आले?

क्रिस बॅरिंग्टन-ली आणि ॲडम मिलार्ड-बॉल या संशोधकांनी ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या खुल्या नकाशाच्या आधारे जगभरातील रस्त्यांची तुलना केली. बंद गल्ल्या, वळसा, चौकांना मिळणारे रस्ते अशी मोजमापे एकत्र करून त्यांनी रस्त्यांच्या तुटलेपणाचा एक निर्देशांक तयार केला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, १९७५ नंतर जगाच्या मोठ्या भागात नव्याने बांधलेले रस्ते अधिकाधिक तुटक होत गेले. फाटकबंद वसाहतींची वाढ हे त्यातले एक कारण. अर्जेंटिना, बोलिव्हिया, पेरू या देशांत मात्र चौकटबंद आखणी बरीचशी टिकून आहे. अमेरिकेत हा तुटकपणा १९९४ च्या सुमारास शिगेला पोहोचला आणि नंतर काहीसा कमी झाला, असे याच संशोधकांच्या २०१५ च्या अभ्यासात दिसले होते. म्हणजे दिशा बदलता येते, पण केवळ नव्या भागांत.

पुण्यात हे का घडले?

पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे आली. त्यामुळे सुमारे २५० चौरस किलोमीटरची हद्द ५१६ चौरस किलोमीटरच्या आसपास गेली. (पुढे उरुळी देवाची आणि फुरसुंगी यांसाठी स्वतंत्र नगर परिषद करण्यात आली.) पण यातील अनेक गावांत गावे हद्दीत येण्याआधीच इमारती उभ्या राहिल्या होत्या.

शेतजमीन गट नंबरनुसार विकली जाते. प्रत्येक बांधकाम व्यावसायिक आपल्या गटापुरता ले-आउट मंजूर करून घेतो आणि आतला रस्ता थेट मुख्य रस्त्याला किंवा जुन्या शिवरस्त्याला जोडतो. शेजारच्या गटाशी रस्ता जोडण्याचे त्याला कारण नसते. गुंठेवारीत तर रस्त्यासाठी सोडलेली जागा बोळाएवढीच असते. टेकड्या, ओढे, लोहमार्ग आणि लष्कराची जमीन यांमुळे तुटकपणा वाढतो.

विकास आराखड्यात जोडरस्ते दाखवलेले असतात, पण जमीन तुकड्या-तुकड्यांनी ताब्यात येते. मधला एक तुकडा अडला की दोन्ही बाजूंचा तयार रस्ता बंद गल्ली ठरतो. महापालिकेच्या भाषेत हीच ‘मिसिंग लिंक’. रेषा-बिंदूंच्या हिशेबात असा एक तुकडा जोडला, की दोन बंद टोके एकदम कमी होतात.

आकडे सगळे सांगतात का?

नाही. नकाशावर रस्ता दिसतो, पण त्यावर गेट आहे का, पदपथ आहे का, दुभाजकामुळे दोन किलोमीटर पुढे जाऊन वळावे लागते का, हे नेहमीच कळत नाही. सोसायटीतील खासगी रस्ते हिशेबात धरले, तर जोडणी उगीचच चांगली दिसते. त्यामुळे गणनेबरोबर प्रत्यक्ष पाहणी लागतेच.

रहिवाशांची भीतीही खोटी नाही. वाट खुली केली, की कोंडी टाळणारी वाहने सोसायटीतून धावू लागतील, असे त्यांना वाटते. त्यावर मधला मार्ग आहे : भिंतीत माणूस आणि सायकल जाईल एवढीच वाट ठेवायची, मोटारी अडवायच्या. पेठांमधले बोळ हेच काम करत आले आहेत.

उपाय काय आणि आताच का?

संयुक्त राष्ट्रांच्या ‘यूएन-हॅबिटॅट’ संस्थेच्या शिफारशीनुसार किमान ३० टक्के जागा रस्त्यांसाठी असावी आणि दर चौरस किलोमीटरला १८ किलोमीटर रस्ते असावेत. म्हणजे ढोबळमानाने दर ११० मीटरवर एक उभा आणि एक आडवा रस्ता.

यासाठी नगररचना योजना हे आपल्याकडचे जुने साधन. मालकांच्या जमिनी एकत्र करून आधी रस्ते आखायचे आणि मग उरलेल्या जागेत प्रत्येकाला नीट आकाराचा भूखंड परत द्यायचा. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यानंतर भांबुर्डा, म्हणजे आजच्या शिवाजीनगर भागात अशी योजना झाली. अहमदाबादने सुमारे ७६ किलोमीटरच्या रिंग रोडसाठी बरीचशी जमीन याच पद्धतीने मिळवली.

इमारत पन्नास वर्षांनी पाडून नवी बांधता येते. रस्त्याची आखणी मात्र शतकानुशतके टिकते. पुण्यातल्या पेठाच त्याची साक्ष आहेत. त्यामुळे ले-आउट मंजूर करतानाच त्यातील चौक आणि बंद टोके मोजली, तर खर्च फक्त कागदावरचा असतो. घरांच्या चाव्या दिल्यानंतर तीच चूक दुरुस्त करायची, तर भूसंपादन, न्यायालय आणि भिंत पाडण्यावरून होणारा वाद वाट्याला येतो.